दोघांपुरता चहा आणि ८८ पट्ट्या

डुलकी लागलेल्या माणसाला हलवून उठवून त्याच्याकडून कुणी गाणं लिहून घेतल्याचं ऐकलंय का तुम्ही? १९२४ सालची ही अमेरिकेतली गोष्ट. 'नो, नो, नॅनेट' नावाच्या संगीत नाटकाची तयारी चालू होती. संगीतकार होता विन्सेंट यूमन्स आणि गीतकार आयर्व्हिंग सीझर. यूमन्सला एक चाल सुचली आणि त्याला काही दम निघेना. त्यानं झोपलेल्या सीझरला उठवलं. सीझर म्हणाला, "उद्या लिहितो की!" पण यूमन्स हटेना. शेवटी सुटका व्हावी म्हणून सीझरनं पाचएक मिनिटांत काहीतरी कच्चं खरडलं. तू, मी आणि चहा, एवढाच मामला. खरे शब्द नंतर घालायचे असं ठरलं होतं, पण ते कधी घातलेच नाहीत! कच्चं गाणंच पक्कं झालं. हा किस्सा सीझर स्वतःच सांगायचा, आणि सांगायला त्याला वेळही भरपूर मिळाला. तो १०१ वर्षं जगला.

गाण्याचं नाव 'टी फॉर टू', म्हणजे दोघांपुरता चहा. चाल इतकी साधी की लहान मूलही गुणगुणेल. एक सूर लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड, असा झोका. बस्स! पण या बारक्या गाण्यानं पुढं मोठमोठ्या वादकांची परीक्षा पाहिली.

१९२७ साली तर ते थेट रशियात पोहोचलं. तिथं दिमित्री शोस्ताकोविच नावाचा विशीतला संगीतकार होता. निकोलाय माल्को या वाद्यवृंद-संचालकानं त्याला या गाण्याची तबकडी ऐकवली आणि १०० रूबलची पैज लावली, की आता नुसत्या आठवणीवरून हे गाणं तासाभरात सगळ्या वाद्यवृंदासाठी लिहून दाखव. शोस्ताकोविच कागद घेऊन बसला आणि पाऊण तासात काम संपवून १०० रूबल घेऊन गेला!

पण आपल्याला आज भेटायचंय ते पियानोवाल्यांना. त्यातही जॅझ वाजवणाऱ्यांना.

आधी थोडी माहिती. त्या काळी अमेरिकेत गाणी छापील कागदावर विकली जायची. न्यूयॉर्कमध्ये २८व्या रस्त्यावर गाणी छापणाऱ्यांची दुकानं दाटीवाटीनं होती. त्या भागाला लोक 'टिन पॅन अ‍ॅली' म्हणत. म्हणजे पत्र्याच्या थाळ्यांची गल्ली! इतके पियानो एकाच वेळी बडवले जायचे की थाळ्या वाजल्यासारखं वाटायचं म्हणे. दुकानात एक मुलगा दिवसभर पियानोवर बसून गिऱ्हाइकांना नवी गाणी वाजवून दाखवायचा. पंधराव्या वर्षी शाळा सोडून असं काम करणारा एक मुलगा पुढं जगप्रसिद्ध संगीतकार झाला. त्याचं नाव जॉर्ज गर्श्विन. (गंमत म्हणजे गर्श्विनचा जन्म २६ सप्टेंबर १८९८चा आणि आपल्या यूमन्सचा २७ सप्टेंबर १८९८चा!)

या छापील कागदावर असायचं तरी काय? वर चाल आणि खाली कॉर्ड्स. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेले तीन-चार सूर. बहुतेक गाणी ३२ बारची असत. बार म्हणजे मात्रांचा एक छोटा खण. आठ-आठ खणांचे चार तुकडे झाले की गाणं पुरं. जॅझवाला काय करतो, तर आधी ओळखीची चाल वाजवतो आणि मग तेच ३२ खण पुन्हा पुन्हा फिरवत त्यावर आपलं नवं काहीतरी रचत जातो. तबल्यावर ठेका चालू असतो आणि गवई दर आवर्तनात नवी जागा घेऊन समेवर येतो ना, साधारण तसंच. फरक इतकाच की इथं ठेक्याबरोबर कॉर्ड्सही फिरत असतात.

आता घरात पेटी असेल तर काढा पाहू बाहेर! डाव्या हातानं भाता मारा. उजव्या हाताच्या करंगळीनं तार सा धरून ठेवा, तो सोडायचा नाही. त्याच्या खाली ग आणि प दाबा. ऐका. आता ग-प सोडून म आणि ध दाबा. पुन्हा ऐका. आता कोमल ग आणि कोमल ध. काय झालं? सा तोच, त्याला तुम्ही हातही लावला नाहीत. पण पहिल्यांदा तो घरात बसल्यासारखा वाटला, दुसऱ्यांदा अंगणात आल्यासारखा आणि तिसऱ्यांदा भलत्याच गावाला निघाल्यासारखा. खालचे शेजारी बदलले की वरच्या सुराचा चेहरा बदलतो. पियानोवाले जुन्या गाण्याला नवं करतात त्यातली निम्मी युक्ती ही आहे. उरलेली निम्मी लयीत असते.

'टी फॉर टू'मध्ये ही युक्ती यूमन्सनं स्वतःच करून ठेवलीय. पहिले आठ खण काळी चारच्या पट्टीत, आणि मग काही सांगणं नाही, विचारणं नाही, गाणं उडी मारतं ते पांढरी एकवर! आधी जो ग होता तोच आता सा. पुढच्या आठ खणांत पुन्हा घरी. पियानोवाल्यांना हे गाणं इतकं का आवडलं, ते या उडीत आहे असं मला वाटतं.

आणि आता आर्ट टेटम.

१९०९ साली अमेरिकेतल्या टोलेडो गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. लहानपणापासून डोळे अधू. एका डोळ्यानं जवळपास काही दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानं अगदी अंधूक. त्या काळी 'पियानो रोल' मिळत. कागदाची लांबलचक गुंडाळी, तिला बारीक भोकं. ती खास पियानोत बसवली की भोकांतून जाणाऱ्या हवेच्या जोरावर पट्ट्या आपोआप खाली-वर व्हायच्या, भूत वाजवतंय जणू! छोटा आर्ट त्या हलणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवून शिकला असं सांगतात. असंही म्हणतात की त्यातले काही रोल दोन माणसांनी मिळून वाजवलेले होते. आर्टला ते कोण सांगणार? त्यानं दोघांचं वाजवणं एकट्यानं बसवलं! ही कथा थोडी रंगवलेली असेलही, पण त्याच्या तबकड्या ऐकल्या की ती खोटी म्हणवत नाही.

पुढं तो अंधशाळेत शिकला, संगीतशाळेत शिकला, गावच्या रेडिओवर वाजवू लागला आणि १९३२ साली न्यूयॉर्कला आला. तिथल्या हार्लेम भागात तेव्हा पियानोच्या बादशहांचं राज्य होतं. जेम्स पी. जॉन्सन, फॅट्स वॉलर, विली 'द लायन' स्मिथ. यांच्या वादनाला 'स्ट्राइड' म्हणत. स्ट्राइड म्हणजे लांब ढांग. डावा हात आधी खालचा जाड सूर दाबतो आणि लगेच ढांग टाकून वरची कॉर्ड पकडतो. धम्-चक, धम्-चक! उजवा हात वर नाचायला मोकळा. नवा कोणी आला की हे लोक त्याला पियानोवर बसवून जोखायचे. कुस्तीच्या आखाड्यासारखंच. टेटमला त्यांनी बोलावलं. त्यानं काय वाजवावं? आपलं चहाचं गाणं! आणि मग 'टायगर रॅग' नावाची वाघासारखी चीज. बादशहांनी आपली हुकमाची पानं काढली, पण त्या रात्री जिंकलं कोण याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही म्हणे. फॅट्स वॉलर एकदा वाजवत असताना टेटम आत आला, तर वॉलर उठून उभा राहिला आणि आज इथं साक्षात देव आलाय, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला, असाही किस्सा आहे.

२१ मार्च १९३३ रोजी टेटमनं 'टी फॉर टू' ध्वनिमुद्रित केलं. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. त्यात त्यानं काय काय भरलंय! झोक्याची चाल ऐकू येते, तोच वरून खालपर्यंत सुरांचा पाऊस पडतो. मधेच तो कॉर्ड्स हळूच भलत्या दिशेला सरकवतो. गेला, हरवला, असं आपल्याला वाटतं आणि दुसऱ्या क्षणी महाशय समेवर हजर! चाल मोडत मात्र नाही. ती सतत कुठंतरी डोकावत असते. नुसतं बोटांचं वेगवान काम अनेकांना जमतं, हे जमायला गाणं पोटात असावं लागतं.

कॅनडातल्या ऑस्कर पीटरसन या मुलाला पियानो छान यायचा आणि त्याचा त्याला गर्वही झाला होता. वडिलांनी एक दिवस काही न बोलता त्याला टेटमची 'टायगर रॅग'ची तबकडी लावून दिली. ऑस्कर म्हणाला, "हे दोघे कोण आहेत?" वडिलांनी सांगितलं, एकच माणूस आहे आणि त्याला नीट दिसत नाही. त्यानंतर कित्येक दिवस ऑस्कर पियानोजवळ फिरकला नाही, रात्री रडला. मग पुन्हा बसला. पुढं तोही जगातल्या मोठ्या जॅझ पियानोवादकांत गणला गेला. आई-बाबांनो, हा उपाय जपून करावा हो!

१९५० साली बड पॉवेल या तरुणानं हेच गाणं अशा वेगानं पळवलं की चहा कपात राहणं शक्यच नव्हतं. आणि १९५६ साली ते आलं थेलोनियस मंककडे.

मंकची तऱ्हाच न्यारी. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या तो मुद्दाम एकदम दाबायचा. सूर टोचायचे. मधेच थांबायचा, आपण वाट बघत राहायचं. लोक म्हणत, याला नीट वाजवता येत नाही. तबकड्या खपत नव्हत्या. त्यातून १९५१ पासून सहा वर्षं न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवण्याचा त्याचा परवानाच रद्द झालेला, म्हणजे पोटावर पाय. तेव्हा रिव्हरसाइड कंपनीनं एक शक्कल काढली. मंकची स्वतःची अवघड गाणी राहू देत. आधी सगळ्यांच्या ओळखीची गाणी वाजवून घेऊ या, म्हणजे लोकांना तो कळेल. त्यात 'टी फॉर टू' होतं. ओळखीचं गाणं असल्यामुळं ऐकणाऱ्याला कळतं, की मंक चुकत नाहीये. सरळ रस्ता त्याला ठाऊक आहे, पण तो मुद्दाम खड्ड्यातून उड्या मारत चाललाय. टेटमनं थक्क व्हायला होतं, पण माझं मत विचाराल तर मंकनं हसू येतं आणि तेही मला तितकंच मोलाचं वाटतं.

रीमिक्स म्हटलं की घरातली मोठी माणसं नाक मुरडतात. पुष्कळदा बरोबरच असतं त्यांचं. जुन्या गाण्याला नुसता धडधडाट जोडला की ते नवं होत नाही. मंकचा खोडसाळपणा आणि तो धडधडाट यात काय फरक आहे, हे एकदा आजी-आजोबांना सोबत बसवून ऐकाच. भांडण झालं तर उत्तम!

यात पैशाचीही एक बाजू आहे. टेटमनं गाण्यात कितीही नवं घातलं तरी रचनेचं मानधन जायचं ते यूमन्स आणि सीझरकडे. वादकाला फक्त वाजवल्याचे पैसे. कायद्यानं चालीवर हक्क सांगता येतो, पण नुसत्या कॉर्ड्सच्या क्रमावर साधारणपणे सांगता येत नाही. मग हुशार वादकांनी काय केलं? जुन्या कॉर्ड्स ठेवल्या आणि त्यावर आपली नवी चाल, नवं नाव. गर्श्विनच्या १९३० सालच्या 'आय गॉट रिदम'च्या कॉर्ड्सवर अशा कितीतरी रचना झाल्या. 'फ्लिंटस्टोन्स' या कार्टूनचं शीर्षकगीत आठवतं का? त्याच्या खालीही त्याच कॉर्ड्स आहेत! 'टी फॉर टू' मात्र १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत सगळ्यांचं झालंय. ९५ वर्षांची मुदत संपली.

मुलांच्या सिनेमांतली गाणीही या वादकांनी सोडली नाहीत. डिस्नेच्या १९३७ सालच्या 'स्नो व्हाइट'मधलं राजपुत्राची वाट पाहणारं गाणं बिल एव्हान्सनं १९५९ च्या डिसेंबरात वाजवलं. अगदी हळुवार सुरुवात, आणि नंतर पियानो, बास आणि ड्रम्स या तिघांच्या आपसांत गप्पा. त्याच्या आधी १९५७ साली डेव्ह ब्रूबेक यानं तर डिस्नेच्या गाण्यांची अख्खी रेकॉर्डच काढली होती.

हा ब्रूबेक १९५८ साली भारतात आला होता बरं का! मुंबईत त्यानं सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवलं. पण मुंबईला जॅझ पियानो त्याच्याही आधीपासून माहीत होता. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्ड हा अमेरिकन कृष्णवर्णीय पियानोवादक वाजवत असे. एकेकाळी शिकागोत त्यानं लुई आर्मस्ट्राँगबरोबर काम केलं होतं. परत अमेरिकेत राहायला तो गेलाच नाही. १९४५ साली कलकत्त्यात पटकीनं त्याचा मृत्यू झाला. अशा वाद्यवृंदांतून गोव्याचे वादकही वाजवत. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेली ही माणसं रात्री हॉटेलात अमेरिकन गाणी वाजवायची आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. आपल्या सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकरांचे सहायक चिक चॉकलेट हे ट्रम्पेटवादक गोव्याचेच. 'अलबेला'मधली गाणी आजीला अजून पाठ असतील. त्यातली ट्रम्पेटची लकेर आता नीट ऐका.

टेटम १९५६ साली गेला, अवघ्या ४७व्या वर्षी. शेवटच्या तीन वर्षांत त्यानं अशा जुन्या गाण्यांच्या शंभराहून जास्त एकल रचना ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. आणि २००७ साली एक अजब कार्यक्रम झाला. संगणकतज्ज्ञांनी त्याच्या जुन्या तबकड्यांतला एकेक सूर तपासला, कोणती पट्टी किती जोरात आणि किती वेळ दाबली गेली ते नोंदवलं आणि ती माहिती संगणकावर चालणाऱ्या पियानोला दिली. लॉस एंजेलिसच्या ज्या श्राइन सभागृहात टेटमनं १९४९ साली वाजवलं होतं, तिथं तो पियानो मांडला. समोर श्रोते बसले. बाकावर कुणी नाही. आणि १९३३ सालचं 'टी फॉर टू' सुरू झालं, पट्ट्या आपोआप खाली-वर होऊ लागल्या.