वाघ, सिंह आणि युद्धाचे व्यंगचित्र

बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड हे गाव तांब्याच्या खाणीमुळे प्रसिद्ध आहे. परंतु तेथून कान्हाचे अरण्यही फारसे लांब नाही. या मुलखातील माणसाला वाघ हा पुस्तकातून शिकावा लागत नाही. वाघ सहसा माणसाची वाट टाळतो, विनाकारण अंगावर येत नाही, हे येथील गुराखीही सांगेल. परंतु व्यंगचित्रातील वाघ हा या अरण्यातील वाघाहून अगदी निराळा प्राणी आहे. तो रानात जन्मत नाही. तो चित्रकाराच्या मेजावर जन्मतो, आणि बहुधा युद्धाच्या दिवसांतच जन्मतो.

लंडनच्या ‘पंच’ या साप्ताहिकात २२ ऑगस्ट १८५७ रोजी जॉन टेनिएल या चित्रकाराचे एक मोठे चित्र प्रसिद्ध झाले. ‘ॲलिस’च्या अद्भुत कथेची चित्रे काढून पुढे १८६५ साली जगभर गाजलेले ते हेच टेनिएल. चित्रात एक स्त्री आणि तिचे मूल भूमीवर निपचित पडले आहे, त्यांच्यावर एक वाघ उभा आहे, आणि त्या वाघावर एक प्रचंड सिंह झेप घेत आहे. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे बंगालची बंडखोर फौज, स्त्री आणि मूल म्हणजे निरपराध गोरे कुटुंब. शीर्षकही तसेच आहे: बंगालच्या वाघावर ब्रिटिश सिंहाने उगवलेला सूड. समजावून सांगण्यासारखे काही उरतच नाही. प्रतीकाचे सामर्थ्य यातच आहे की, ते वाचकाला विचार करण्याच्या कष्टातून मुक्त करते.

हे सामर्थ्य कोठून आले, हे पाहण्यासारखे आहे. ‘पंच’चे संपादक आणि चित्रकार दर बुधवारी भोजनाच्या मेजाभोवती जमत आणि त्या आठवड्याच्या मोठ्या चित्राचा विषय चर्चेने ठरवीत. मग ते चित्र लाकडी ठोकळ्यावर काढले जाई व कोरक्या ते कोरून छपाईस देई. चित्र आठवड्यातून एकदाच; तेव्हा ते एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे. लांबलचक लेख ज्याला वाचवत नाही, त्यालाही सिंह आणि वाघ ओळखता येतात. म्हणूनच राष्ट्राला प्राण्याचे रूप देण्याची रीत रूढ झाली. त्यात सिंह आणि वाघ यांची झुंज तर टेनिएल यांच्याही आधीची. श्रीरंगपट्टण १७९९ साली पडल्यावर इंग्रजांनी जे पदक काढले, त्यावर सिंह वाघाला लोळवीत असल्याचे दाखविले आहे. टिपू सुलतानाचे राजचिन्हच वाघ होते. गोऱ्या माणसाला खाली दाबून धरणारा त्याचा लाकडी वाघ आजही लंडनच्या एका संग्रहालयात आहे. म्हणजे एकच झुंज दोन्ही बाजूंनी चितारली. फक्त वर कोण आणि खाली कोण, एवढाच फरक.

आता या चित्रात काय दिसत नाही, याचा विचार करावा. वाघाला कारण नसते. तो पशू आहे, म्हणून चावतो. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, त्याच वर्षी झाशी खालसा झाली, पेशव्यांच्या दत्तकपुत्राचा, म्हणजे नानासाहेबांचा, तनखा त्याआधीच बंद झाला होता. यांपैकी एकही गोष्ट वाघाच्या अंगावरील पट्ट्यांत मावत नाही. कानपूरला बायकामुलांची हत्या झाली, ही गोष्ट खरीच आहे आणि तिचे समर्थन कोणी करू नये. परंतु त्याच उन्हाळ्यात अलाहाबादहून कानपूरकडे जाणाऱ्या फौजेने वाटेवरील गावांतून लोकांना झाडांना लटकावले, हेही तितकेच खरे आहे. झाशी पडल्यावर शहरातील सामान्य माणसांची जी कत्तल झाली, ती वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी डोळ्यांनी पाहिली आणि ‘माझा प्रवास’ या ग्रंथात लिहून ठेवली. तो ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला. सिंहाच्या पंजाखाली वाघच सापडला असेल, अशी ज्याची खात्री झाली, त्याला त्या पंजाखाली भिक्षुक, कारागीर आणि मुले दिसत नाहीत. माणसाला मारणे पाप आहे. वाघाला मारणे ही शिकार ठरते. प्रतीकाने हा एवढा मोठा बदल एका चित्रात घडवून आणला.

या लाटेविरुद्ध उभे राहणाऱ्याचे काय होते, तेही ‘पंच’नेच दाखविले. गव्हर्नर जनरल कॅनिंग यांनी ३१ जुलै १८५७ रोजी आज्ञा काढली, की बंडखोर आणि निरपराध यांत भेद करावा, सरसकट फाशी देऊ नये. २४ ऑक्टोबरच्या अंकात टेनिएल यांनी त्यांना शिपायाच्या डोक्यावर हात ठेवणारे दाखवून त्यांच्या दयेची थट्टा केली. ‘दयाळू कॅनिंग’ हे नाव शिवीसारखे वापरले गेले. पुढे राग निवळल्यावर तेच नाव त्यांच्या गौरवाचे झाले, ही काळाची गंमत.

व्यंगचित्राने नेहमी पशूच उभा करावा, असे मात्र नाही. डेव्हिड लो यांनी २० सप्टेंबर १९३९ रोजी काढलेले चित्र पाहावे. हिटलर आणि स्टॅलिन टोप्या काढून, कमरेत वाकून एकमेकांस सभ्यपणे नमस्कार करीत आहेत. मध्ये पोलंडचे प्रेत पडले आहे. येथे कोणी राक्षस नाही, कोणी श्वापद नाही. दोन माणसे आहेत, आणि म्हणूनच त्यांना जाब विचारता येतो. हुकूमशहाला रक्तात न्हालेला दैत्य दाखविले तर तो मनातून खूषच होतो, त्याला खरी झोंबते ती टिंगल, असे लो यांचे म्हणणे होते. ते अनुभवाचे होते. जर्मनीची नाराजी इतकी झाली, की ब्रिटनचे मंत्री हॅलिफॅक्स यांनी १९३७ साली लो यांना हात जरा आवरता घेण्याची विनंती केली होती.

प्रतीक वाईट नसते. नोहाच्या नौकेकडे हिरवी डहाळी घेऊन परतलेले कबूतर १९४९ साली पॅरिसच्या शांतता परिषदेच्या भित्तिपत्रकावर पिकासो यांच्या हातून उतरले, आणि सगळ्या जगाने ते ओळखले. परंतु युद्धाच्या दिवसांत वर्तमानपत्र उघडताना वाचकाने तीन प्रश्न जवळ ठेवावेत. या चित्रात माणूस कोण आणि पशू कोण? पशूला कारण दिले आहे काय? आणि चौकटीबाहेर कोण राहिले? व्यंगचित्र हसण्यासाठी असते, हे खरे. पण ज्या चित्राने दया हास्यास्पद वाटू लागते, ते पाहून हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे. कान्हाच्या रानातील वाघ त्याच्या वाटेने जाईल. कागदावरचा वाघ मात्र कोणाच्या तरी घरावर सोडलेला असतो.