ज्वरमुक्ताचे बल आणि पेशीतील तंतुकणिका

कोविडच्या लाटा ओसरून आता काही वर्षे लोटली आहेत. तथापि 'तेव्हापासून पूर्वीची ताकद परत आलीच नाही' ही तक्रार घेऊन येणारे रुग्ण आमच्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात आजही येतात. पनवेल हे पहाटेची लोकल धरून मुंबई-ठाण्यास नोकरीसाठी जाणाऱ्यांचे शहर. एप्रिल २०२० च्या आरंभी मुंबई विमानतळावर कर्तव्य बजावणारे आणि आपल्या महापालिका हद्दीत राहणारे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान बाधित आढळले. पुढे अत्यावश्यक सेवेसाठी रोज मुंबईस ये-जा करणाऱ्या घरांतून संसर्ग पसरत गेला आणि येथील उपजिल्हा रुग्णालय कोविड रुग्णालय झाले. त्या काळात बरे होऊन घरी गेलेल्यांपैकी काहींची कथा विलक्षण सारखी आहे. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, छातीचा क्ष-किरण निर्दोष. मात्र एक दिवस घराची साफसफाई केली की पुढचे दोन दिवस अंथरूण. अशा रुग्णास घरचे लोक 'मनाचे खेळ आहेत' म्हणतात, आणि आपण वैद्यही पुष्कळदा 'रोज थोडे अधिक चाला' असे सांगून मोकळे होतो. हा सल्ला योग्य आहे काय, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात आम्ही पेशीच्या आत डोकावणार आहोत.

पेशीतील तंतुकणिका अन्नरसापासून एटीपीच्या रूपाने ऊर्जा निर्माण करतात, हे सर्वश्रुत आहे. त्यांची आणखी दोन कार्ये मात्र फारशी सांगितली जात नाहीत. विषाणू पेशीत शिरल्याची सूचना पुढे पोहोचवणारे एमएव्हीएस नावाचे प्रथिन तंतुकणिकेच्या बाह्य आवरणावरच बसलेले असते. तेथून इशारा गेला म्हणजे पेशी इंटरफेरॉन निर्माण करून शेजारच्या पेशींना सावध करते. दुसरे असे की, पेशीने मरावे की जगावे याचा निर्णयही बव्हंशी येथेच होतो. तंतुकणिकेतून सायटोक्रोम सी बाहेर पडले की कॅस्पेज नामक विकरांची साखळी सुरू होते आणि पेशी शिस्तीने स्वतःचा शेवट करून घेते. घरातील चूल, पहारेकरी आणि न्यायासन एकाच खोलीत असावे, तशी ही व्यवस्था आहे.

कोरोना विषाणू नेमका याच खोलीकडे वळतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये भारतातील पहिल्या रुग्णाच्या घशातील नमुन्यातून या विषाणूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील चित्र प्रसिद्ध केले. त्यातील कणाचा आकार सुमारे ७५ नॅनोमीटर होता. एवढ्याशा कणाजवळ ओआरएफ९बी नावाचे एक लहान प्रथिन आहे. तंतुकणिकेत लागणारी हजाराहून अधिक प्रथिने बाहेरून आत यावी लागतात, कारण तिच्या स्वतःच्या जनुकांतून केवळ १३ प्रथिने तयार होतात. ज्या द्वारातून ती आत येतात, तेथील टॉम७० या द्वारपालाला ओआरएफ९बी जाऊन चिकटते आणि इंटरफेरॉनचा इशारा क्षीण होतो. रोगाच्या पहिल्या दिवसांत रुग्णास विशेष त्रास नसतानाही विषाणू घशात भरभरून वाढतो, त्याचे एक कारण हे आहे.

पुढच्या अवस्थेत चित्र उलटते. ब्राझीलमधील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, बाधित मोनोसाइट पेशींच्या तंतुकणिकांत क्षोभक ऑक्सिजन-कण वाढतात, पेशी ऊर्जेसाठी साखरेच्या अर्धवट ज्वलनावर विसंबू लागते, आणि भोवती ग्लुकोज अधिक असेल तर विषाणूचे उत्पादनही वाढते. अनियंत्रित प्रमेही रुग्णांचे हाल का झाले, याचा एक धागा येथे मिळतो. २०२२ मध्ये असेही दिसले की, विषाणू शिरलेल्या मोनोसाइट पेशी फुटून मरतात. या मृत्यूस पायरॉप्टोसिस म्हणतात. शिस्तीच्या मृत्यूत पेशीचे अवशेष झाकलेले राहतात. यात ते उघड्यावर सांडतात आणि शोथ भडकतो. अमेरिकेत कार्यरत असलेल्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ थिरुमला-देवी कन्नेगंटी यांच्या गटाने २०२१ मध्ये सिद्ध केले की, टीएनएफ-अल्फा आणि इंटरफेरॉन-गॅमा हे दोन सायटोकाइन एकत्र आले की अनेक प्रकारचे पेशीमृत्यू एकाच वेळी घडून येतात. हे दोन्ही निष्प्रभ केल्यावर बाधित उंदीर मरणापासून वाचले.

आता आपल्या रुग्णाच्या थकव्याकडे येऊ. विषाणू गेल्यावर तंतुकणिका सावरतात काय? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात घशातील ७०० च्या आसपास नमुने आणि मृत्यूपश्चात घेतलेल्या अवयवांच्या ऊती तपासल्या गेल्या. फुप्फुसातील तंतुकणिकांच्या जनुकांचे कार्य पुढे पूर्वपदावर आलेले होते. परंतु हृदय, वृक्क आणि यकृत यांतील कार्य दबलेलेच राहिले होते. अर्थात हा पुरावा दगावलेल्या रुग्णांचा आहे. जिवंत रुग्णांविषयी अधिक मोलाची माहिती ॲम्स्टरडॅमहून २०२४ मध्ये आली. दीर्घकाळ कोविडोत्तर थकवा असलेल्या २५ आणि निरोगी २१ व्यक्तींना सायकल चालवावयास लावून, श्रमापूर्वी व श्रमानंतर त्यांच्या मांडीच्या स्नायूचा तुकडा तपासण्यात आला. श्रमानंतर रुग्णांच्या स्नायूंत तंतुकणिकांची क्षमता घटली होती, आणि स्नायूतंतूंचा ऱ्हास वाढला होता. ही माणसे आळशी नव्हती, की केवळ सवय मोडल्यामुळे थकत नव्हती. श्रम हाच त्यांना अपाय करीत होता.

या ठिकाणी चरकसंहितेच्या ज्वरचिकित्सिताध्यायाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. ज्वर उतरलेल्या रुग्णाने बल परत येईपर्यंत व्यायाम, व्यवाय, स्नान आणि फिरणे, चारही वर्ज्य करावीत, अन्यथा ज्वर उलटतो, असा तेथे स्पष्ट आदेश आहे. या यादीत साधे फिरणेही आहे, हे आम्हांस विशेष वाटते. अर्धशक्ती व्यायामाचा आपला आवडता नियम बलवान, स्निग्धभोजी स्वस्थासाठी आहे, ज्वरमुक्तासाठी नव्हे. राजयक्ष्म्याच्या चार हेतूंत 'साहस' प्रथम येते, तेही याच अनुभवातून.

मात्र यावरून चरकाचार्यांना तंतुकणिका ठाऊक होत्या, किंवा धात्वग्नी म्हणजेच तंतुकणिका, असे विधान करण्याचा मोह टाळला पाहिजे. अलीकडे परिसंवादांतून ते फार सहज केले जाते. धात्वग्नी ही कार्यावरून अनुमानिलेली संकल्पना आहे आणि तंतुकणिका हा डोळ्यांनी दिसणारा अवयव. दोहोंत साम्य शोधणे विचारास उपकारक आहे, पण साम्य म्हणजे सिद्धता नव्हे.

औषधनिर्मात्यांना हे विशेषत्वाने सांगावेसे वाटते. १८७२ मध्ये श्री धूतपापेश्वरची स्थापना ज्या पनवेलात झाली, तेथील औषधाच्या नावास दीडशे वर्षांची पत आहे. 'तंतुकणिकांना नवजीवन देणारे रसायन' असे वेष्टनावर छापण्याने ती वाढणार नाही. तंतुकणिकेत प्रत्यक्ष कार्य करणारे कोएन्झाइम क्यू१० हे द्रव्य डेन्मार्कमध्ये १२१ दीर्घकोविड रुग्णांना रोज ५०० मिलिग्रॅम या मात्रेने ६ आठवडे दिले गेले. डमी गोळीच्या तुलनेत लक्षणांत लक्षणीय फरक पडला नाही. पेशीतील कारण सापडले म्हणजे औषध सापडले, असे होत नाही. याउलट आयुष-६४ विषयी जे बोलता येते ते चाचणीमुळे. लखनौ, वर्धा आणि मुंबई येथे सौम्य व मध्यम रुग्णांत प्रचलित उपचारांच्या जोडीने ते दिले असता रुग्ण लवकर बरे झाल्याचे एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झाले. बोलावे तेही तेवढेच. गुळवेलीचा अनुभव ताजा आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृतविकार नोंदविला, तेव्हा वनस्पतीची ओळख निश्चित केली नव्हती असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. हा आक्षेप आपल्या कच्च्या मालाच्या नोंदवहीलाही लागू पडतो, हे विसरून चालणार नाही.

चिकित्सालयात आम्ही पुढील क्रम पाळतो. श्रमाच्या दिवशी कसे वाटते यापेक्षा दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी कसे वाटते, हे आधी विचारावे. त्रास तेव्हा वाढत असेल तर चालण्याचे अंतर वाढविण्याचा सल्ला थांबवावा. कामे तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्यानंतर आडवे होण्यास सांगावे, आणि थकवा येण्यापूर्वीच थांबावयास शिकवावे. नोकरदारास रजेचे अथवा हलक्या कामाचे प्रमाणपत्र देताना हात आखडू नये. पेयादी क्रमाने अग्नी सांभाळावा. मधुमेह असल्यास साखर प्रथम आटोक्यात आणावी. बलहीन रुग्णास वमन-विरेचन देऊ नये, स्वेदनही जपून करावे. उभे राहताच छाती धडधडणे, छातीत दुखणे, जिना चढताना धाप लागणे, पायांवर सूज यांपैकी काही आढळल्यास रसायन लिहिण्यापूर्वी ईसीजी व इकोसाठी हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठवावे, आणि त्यांचा अहवाल पाहूनच पुढील चिकित्सा ठरवावी.