पायथनमधील लिस्ट स्लायसिंग : बँकेच्या हिशेबाने समजून घेऊ

सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथन ही भाषा शिकवतात. त्यात ‘लिस्ट स्लायसिंग’ म्हणजे यादीतला हवा तेवढा भाग काढून घेणे. इथे मुले एका प्रश्नावर अडतात : शेवटचा आकडा लिहूनही त्या जागेचा घटक हाती का येत नाही? आम्हा बँकेत नोकरी केलेल्यांना हा हिशेब जुनाच आहे. म्हणून सभासदांसाठी आणि घरच्या विद्यार्थ्यांसाठी तो येथे मांडत आहोत.

महामार्गावरची आपल्या ओळखीची गावे घेऊ :

वाट = ["कोल्हापूर", "कागल", "निपाणी", "संकेश्वर", "हत्तरगी", "काकती", "बेळगाव"]

२००८ साली आलेल्या पायथन ३ पासून यादीला असे देवनागरी नाव देता येते, कन्नडही चालते. अंक मात्र संगणकावर इंग्रजीच टाइप करावेत.

पायथनमध्ये मोजणी शून्यापासून होते. कोल्हापूर ०, कागल १, निपाणी २ आणि बेळगाव ६. आता

वाट[२:५]

असे लिहिले तर निपाणी, संकेश्वर, हत्तरगी ही तीन गावे मिळतात. पाचव्या क्रमांकाची काकती येत नाही. पहिला आकडा धरायचा, दुसरा सोडायचा, हा नियम.

तो का, हे मुदत ठेवीवरून कळते. १ तारखेला ७ दिवसांसाठी ठेवलेली रक्कम ८ तारखेला परत मिळते. व्याज १ ते ७ तारखांचे, ८ तारखेचे नाही. म्हणूनच ८ वजा १ म्हणजे ७ दिवस, असा सरळ हिशेब बसतो. वरच्या उदाहरणातही ५ वजा २ म्हणजे ३ गावे. शिवाय वाट[:२] आणि वाट[२:] हे दोन भाग जोडले की पूर्ण वाट मिळते. एकही गाव दोनदा येत नाही, एकही सुटत नाही. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली याच पद्धतीची बाजू मांडली होती.

आता प्रत्यक्ष कामाचे उदाहरण. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावर रोजच्या शिलकेवर व्याज धरतात. त्यापूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरत. ११ तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचे व्याज नसे. समजा, ‘शिल्लक’ या यादीत ३० दिवसांच्या शिलका आहेत. १ तारीख शून्य क्रमांकावर, म्हणून १० तारीख ९ वर :

शिल्लक[९:३०]

३० वजा ९ म्हणजे २१ दिवस, आणि १० ते ३० तारखा मोजल्या तरी २१ च. चुकून [१०:३०] लिहिले तर १० तारीख सुटते. नेमकी त्याच दिवशी शिल्लक सर्वांत कमी असेल, तर खातेदाराला जादा व्याज लागते आणि संगणक कुठेही तक्रार करत नाही. शिल्लक[९:] असे शेवट मोकळे ठेवून लिहिले तर फेब्रुवारीलाही चालते, ३१ दिवसांच्या महिन्यालाही.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

• वाट[-२:] म्हणजे शेवटची दोन गावे, काकती आणि बेळगाव. वाट[::-१] म्हणजे बेळगावहून कोल्हापूरचा परतीचा प्रवास.

• वाट[७] लिहिल्यास पायथन चूक दाखवते, कारण त्या क्रमांकावर गाव नाही. वाट[२:५०] मात्र चालते. यादी संपेपर्यंत जेवढे असेल तेवढे मिळते.

• स्लाइस घेतल्याने मूळ यादी बदलत नाही. खातेउतारा काढला म्हणून खतावणी बदलत नाही, तसेच.

घरी सरावासाठी एक प्रश्न : याच यादीतून संकेश्वर ते काकती ही तीन गावे कशी काढाल? उत्तर आहे वाट[३:६]. आधी वजाबाकी करून पाहावी. ती जुळली म्हणजे गावांची संख्या बरोबर आली. मग पहिले गाव कोणते आले, तेवढे तपासावे.