वैनगंगेकाठची पवनी आणि हिएई पर्वताची वाट

पवनी पाहायची तर आधी नदीकडून पाहावी. लाखांदूरच्या बाजूनं वैनगंगेवरचा पूल ओलांडताना उजव्या-डाव्या हाताला नजर टाकली, की पात्रातून वर चढणाऱ्या दगडी पायऱ्या, त्यांच्यावरची लहानमोठी देवळं आणि मागे दाटीवाटीनं वसलेलं गाव एकदम समोर येतं. भंडाऱ्याहून अड्याळमार्गे धानाच्या बांध्यांमधून आलेल्या माणसाला मात्र पवनी तालुक्याच्या इतर गावांसारखीच वाटते: बसस्थानक, किराण्याची दुकानं, धान भरलेले ट्रॅक्टर. दोन्ही वाटांनी मी आलो आहे आणि पाहुण्याला मी नेहमी नदीच्या वाटेनं नेतो. हे पाण्यावर जगलेलं शहर आहे, आणि ते आधी पाण्याच्या बाजूनं दिसलं, की पुढचं सारं नीट लागतं.

गावाच्या तीन बाजूंना तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. तटाचा गाभा मातीचा आहे, दगडी बांधकाम नंतरच्या काळातलं. आज त्यातला जवाहर दरवाजा डौलानं उभा आहे. त्याच्या कमानीखालून रोज सायकली, मोटारसायकली आणि शाळेची पोरं जातात. तट कुठे पूर्ण उंचीचा आहे, कुठे घरांच्या परसात विरघळला आहे. पण वरून थोडं चाललं तरी त्याचा आवाका कळतो. एवढी माती उपसून, वाहून, रचून ठेवायला किती माणसं आणि किती वर्षं लागली असतील, आणि कुणाला या गावाची एवढी राखण करावीशी वाटली असेल, हा प्रश्न तिथे आपसूक उभा राहतो. जवळ सांभाळण्यासारखं काही असल्याशिवाय कोणी तट घालत नाही.

काय होतं ते जमिनीखाली सापडलं. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीत उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जे. पी. जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला, तो 1972 मध्ये नागपूर विद्यापीठानं छापला. जगन्नाथ टेकडी म्हणून लोक जिला ओळखत होते, जिच्या माथ्यावर देऊळ होतं, ती टेकडी म्हणजे विटा-मातीचा प्रचंड स्तूप निघाला. व्यास 38 मीटरांहून अधिक. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे 36.6 मीटर आहे, एवढं सांगितलं की पवनीचं मोठेपण वेगळं समजावावं लागत नाही. चांडकापूरची टेकडी, तिला सुलेमान टेकडीही म्हणतात, तीही स्तूपच निघाली. पुढे 1990 च्या दशकात हरदोलाला टेकडीवरही पुरातत्त्व खात्यानं खोदकाम केलं.

जगन्नाथ टेकडीच्या स्तूपाभोवती प्रदक्षिणापथ होता आणि त्याच्या कडेनं कोरीव दगडी कठडा. त्या कठड्याचे खांब, आडव्या पट्ट्या आणि वरचे उष्णीष यांवर कमळं, बोधिवृक्षाची पूजा, स्तूपाची पूजा कोरलेली आहे. बुद्धाची मूर्ती कुठेच नाही. त्या काळी बुद्ध वृक्ष, आसन, पाऊल, स्तूप अशा खुणांनीच दाखवत. एका खांबावर मुचलिंद नाग आहे, फणा उभारलेला, आणि शेजारी ब्राह्मी अक्षरांत त्याचं नावही दिलेलं. भरहुत आणि सांचीच्या कलेचे हे सख्खे भाऊबंद, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातले. त्यांच्यावरचे छोटे लेख मला शिल्पांइतकेच मोलाचे वाटतात. हा खांब अमक्याचं दान, ही पट्टी तमकीचं दान. राजाच्या खजिन्यातून आलेल्या पैशाची ही भाषा नाही. ज्याला जेवढा दगड परवडला, तेवढा त्यानं दिला आणि आपलं नाव त्यावर ठेवलं. कमावती, देवाणघेवाण करणारी माणसं या गावात होती, हे या लेखांवरून दिसतं.

पवनीत सापडलेले इतर लेखही थक्क करतात. भार कुळातल्या भगदत्त राजाचा, पादुका कोरलेल्या शिळेवरचा प्राकृत लेख आहे, वा. वि. मिराशींनी तो प्रकाशात आणला. रुपिअम्म नावाच्या महाक्षत्रपाचा छायास्तंभ आहे, म्हणजे मृत माणसाच्या स्मरणार्थ उभारलेला खांब. पश्चिमेकडच्या क्षत्रपांचं नातं थेट वैनगंगेपर्यंत कसं पोचलं, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपटही इथलाच. भार, क्षत्रप, सातवाहन, वाकाटक, पुढे गोंड आणि भोसले, एवढ्या राजवटींनी एकाच गावाला जपलं, कारण नदी ओलांडायची आणि नदीच्या काठानं माल हलवायचा तर पवनीसारखी जागा हाती असणं गरजेचं होतं.

आता पवनीजवळच्या रुयाड-सिंदपुरीकडे वळू. शेतांच्या मधोमध तिथे आजच्या काळातला स्तूप उभा आहे, महासमाधीभूमी महास्तूप. लहान वयात जपानला गेलेले आणि हिएई पर्वतावर तेन्दाई या जपानी बौद्ध परंपरेत घडलेले भदंत संघरत्न माणके यांनी पञ्ञा मेत्ता संघाच्या माध्यमातून, जपानी उपासकांच्या साहाय्यानं तो उभारला. 2007 मध्ये त्याचं लोकार्पण झालं. दरवर्षी फेब्रुवारीत इथे धम्म महोत्सव भरतो. झाडीपट्टीतल्या गावोगावचे लोक ट्रॅक्टर आणि एसटीनं येतात आणि त्यांच्यात जपानी भिक्खू, जपानी पाहुणेही असतात. पूर्व विदर्भातल्या एका खेड्यात जपानी मंत्रपठण आणि पाली वंदना एकापाठोपाठ ऐकायला मिळतात, याचं मला अजूनही मनापासून अप्रूप वाटतं.

या पाहुण्यांचा हिएई पर्वत जिथे आहे, ती ओत्सु नगरी समजून घेतली की पवनी वेगळी दिसू लागते. ओत्सु जपानमधलं फार जुनं बंदर, पण समुद्रावरचं नाही. सुमारे 670 चौरस किलोमीटरच्या बिवा सरोवराच्या दक्षिण टोकाला ते आहे. जपान समुद्राच्या किनाऱ्यावरचा तांदूळ आणि मासळी डोंगर ओलांडून सरोवराच्या उत्तर काठावर आणत, तिथून नावांनी ओत्सुला आणि तिथून क्योतोला. 667 मध्ये सम्राट तेन्जीनं राजधानीच इथे हलवली; ती जेमतेम पाच वर्षं टिकली, बंदर मात्र पुढे शतकानुशतकं चाललं. एदो काळात तोकाइदो महामार्गावरचा क्योतोआधीचा शेवटचा मुक्काम ओत्सुच होता. 1890 मध्ये सरोवराचं पाणी बोगद्यांतून क्योतोला नेणारा कालवा पूर्ण झाला. तानाबे साकुरो या तरुण अभियंत्यानं तो आखला होता, आणि त्याच्या पाण्यावर पुढच्याच वर्षी वीजनिर्मिती सुरू झाली.

या गावाच्या माथ्यावर 848 मीटर उंच हिएई. तिथे 788 मध्ये साइचो या भिक्खूनं एन्र्याकु-जी विहार उभा केला. होनेन, शिनरान, दोगेन, निचिरेन ही जपानी बौद्ध धर्मातली मोठी नावं इथेच शिकली. 1571 मध्ये ओदा नोबुनागाच्या सैन्यानं सारा डोंगर जाळला. मुख्य मंदिरातला अखंड दीपही त्यात विझला, पण त्याच ज्योतीवर पूर्वी पेटवलेला दिवा उत्तरेतल्या यामादेरा विहारात जळत होता. तिथून ज्योत परत आणली. डोंगराच्या पायथ्याशी साकामोतो नावाची वस्ती आहे. तिथल्या गल्ल्यांना आनो गावच्या पाथरवटांनी चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती आहेत. जपानी लोक तिथे तासन्‌तास चालतात. भिंती पाहतात, मग डोंगर चढतात, मग खाली येऊन सरोवर पाहतात. पाणी, वस्ती आणि विहार हे एकाच शहराचे भाग आहेत हे तिथे चालणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही, कारण तिघांमधली वाट शाबूत आहे.

पवनीत हेच तिन्ही भाग आहेत. वाट तेवढी तुटलेली आहे. रुयाडला आलेली बहुतेक वाहनं स्तूप पाहून तशीच नागपूरकडे किंवा भंडाऱ्याकडे वळतात. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघ पाहायला येणारेही गावात शिरत नाहीत. गणेशभक्त विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक असलेल्या पंचानन गणपतीचं दर्शन घेतात आणि निघतात. जगन्नाथ टेकडीवर उभ्या राहिलेल्या माणसाला पायाखाली सांचीपेक्षा रुंद स्तूप आहे हे कळावं, असं तिथे ठसठशीत काही नाही. कोरलेले दगड पाहायचे तर नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती संग्रहालयात जावं लागतं. मला वाटतं, पवनीच्या शिल्पांना पवनीतच एक चांगलं संग्रहालय हवं, नदीच्या बाजूला, घाटांवरून चालत येता येईल असं. ज्या गावानं आपली नावं त्या दगडांवर कोरली, तिथल्या पोरांनी ते दगड शाळेच्या सहलीला नागपुरात जाऊन पाहावेत, हे मनाला पटत नाही.

गावात पाहण्यासारखं आणखी पुष्कळ आहे. वैजेश्वर घाट, दिवाण घाट आणि काठावरची देवळं यांमुळे पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. इथल्या कोष्ट्यांच्या मागावरचं रेशीमकाठी कापड कधी काळी दूरवर जात होतं. माग आता फार थोडे उरले. ढिवर अजूनही डोंग्यातून जाळी टाकतात. पण नदी बदलली आहे. पवनीच्या वरच्या अंगाला गोसीखुर्दचं धरण आहे, 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. त्याला 33 दरवाजे आहेत. पावसाळ्यात त्यातले किती उघडले यावर घाटाच्या किती पायऱ्या दिसतील ते ठरतं. 2020 च्या ऑगस्टअखेरचा पूर काठावरच्या लोकांच्या बोलण्यात अजून ताजा आहे. घर बुडालेला माणूस पाण्याची पातळी पायरीच्या आकड्यानं सांगतो.

जायचं असेल तर धानकापणी झाल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावं. सकाळी पुलावरून गाव पाहून घाटावर उतरावं, तिथून जवाहर दरवाजातून बाहेर पडून जगन्नाथ टेकडी गाठावी, आणि उन्हं कलताना रुयाडला पोचावं. भंडारा आणि नागपूर दोन्हीकडून एसटी मिळते. नागपूरहून येणाऱ्यानं वाटेत भिवापूरला थांबून तिथली मिरची घ्यावी. सोबत एखादं शाळकरी पोर असेल तर त्याला टेकडीच्या भोवती एक पूर्ण फेरी मारायला लावावं. व्यासाचा आकडा तेव्हाच त्याच्या लक्षात राहील.