बांधावरची भाजी ओळखून खा

मृगाचा पाऊस पडला की आठवडाभरात माझ्या दवाखान्यात एक ठरलेली तक्रार येते. जीभ जड झालेली, ओठ सुजलेले आणि घशात सुया टोचल्यासारखे दुखणे. "काल काय भाजी केली होती?" असे विचारले की उत्तर बहुधा ठरलेले : शेवळं. पेशंट बहुतेक नव्या वसाहतीतला असतो. बाजारात जुडी दिसली, कौतुकाने घेतली आणि पालेभाजीसारखी फोडणीला टाकली.

शेवळं ही सुरणाच्या कुळातली वनस्पती. सुरणाप्रमाणेच तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जिभेत आणि घशात अक्षरशः टोचतात. म्हणूनच शेवळं विकणाऱ्या बाया जुडीबरोबर काकडं देतात. काकड हे रानातले एक झाड. त्याची बोराएवढी, आंबट-तुरट हिरवी फळे याच सुमारास तयार असतात. ती वाटून भाजीत घालायची, शिवाय चिंच किंवा आमसूल घालायचे आणि भाजी भरपूर शिजवायची. काकडं नसतील तर शेवळं घेऊ नका, हे मी पेशंटना सांगतो. एवढे करूनही खाज सुटलीच तर गार दूध किंवा बर्फ तोंडात धरावा. मात्र आवाज बसला, थुंकी गिळता येईना किंवा धाप लागली तर वाट पाहत बसू नये.

हे सगळे मला पुस्तकातून कळलेले नाही. आमच्या गावापासून दोन-अडीच कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी, एका जुन्या पेशंटची चार एकर भातशेती आहे. त्यांच्या आईंचा रक्तदाब तपासायला मी बरीच वर्षे तिकडे जातो. तपासणी पाच मिनिटांत होते, पुढचा तास आजींबरोबर बांधावर जातो. शेवळाचा कोंब पानाच्या आधी वर येतो, तो फुलाचा असतो आणि उमलण्याआधीच काढायचा, हे त्यांनीच दाखवले. उमललेल्या फुलाला कुजक्या मांसासारखा वास येतो. त्याला भुलून माश्या आणि किडे येतात आणि झाडाचे परागीकरण होते.

शेवळं संपतात तोवर टाकळा उगवतो. रस्त्याकडेला, उकिरड्यावर, बांधावर, कुठेही. संध्याकाळी त्याची पाने मिटतात. दिवसा छोटी पिवळी फुलपाखरे त्यावर अंडी घालताना दिसतात. कोवळा पाला लसूण घालून परतला की उत्तम भाजी होते. सोनामुखी ही टाकळ्याची जवळची नातलग, त्यामुळे जास्त खाल्ला तर पोट साफच होते. कुर्डू, फोडशी आणि उकळून कडू पाणी काढून केलेली भारंगी यांचेही मी स्वागतच करतो. श्रावणात करटोली येतात. त्यांचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, म्हणून एखाद्याच्या कुंपणावरचा वेल नुसता फुलतो आणि फळ काही धरत नाही. करटोली खाऊन मधुमेहाच्या गोळ्या बंद करणारे दोन-तीन पेशंट मला दरवर्षी भेटतात. करटोली खुशाल खा, गोळ्या चालू ठेवा. आणि ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी पालेभाज्यांचा मारा करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आता मुख्य गोष्ट. टाकळ्याचा एक भाऊबंद आहे, कासविंदा. काही ठिकाणी त्यालाच रानटाकळा म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. टाकळ्याच्या पानाला बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि त्यांची टोके गोलसर असतात. कासविंद्याला चार ते सहा जोड्या, टोके अणकुचीदार, आणि चुरगळले तर उग्र घाण वास. टाकळ्याची शेंग लांब, बारीक आणि विळ्यासारखी वाकलेली; कासविंद्याची चपटी. पावसाळा संपल्यावर या शेंगा भरतात आणि लहान मुलांना त्या वाटाण्याच्या शेंगांसारख्या वाटतात.

पश्चिम उत्तर प्रदेशात कित्येक वर्षे दर हिवाळ्याच्या तोंडाशी लहान मुले उलट्या, झटके, बेशुद्धी होऊन दगावत होती. सगळे त्याला मेंदूज्वर समजत होते. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन यांनी 2007 च्या सुमारास दाखवून दिले की कारण विषाणू नसून कासविंद्याच्या बिया आहेत. त्या बियांतले विष यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर घाला घालते. 2016 साली ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात सुमारे शंभर बालके गेली, तेव्हाही तपासात याच बियांकडे बोट गेले.

हे मी वाचलेले होते. तरीही काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात त्याच शेतावरच्या मजुराचा चार वर्षांचा मुलगा उलट्या आणि ग्लानी म्हणून माझ्याकडे आणला, तेव्हा माझ्या डोक्यात मेंदूज्वरच आला. मुलाने काय खाल्ले हे मी विचारलेच नाही. आजी मागून रिक्षाने आल्या. त्यांनी पदराची गाठ सोडून टेबलावर चार शेंगा ठेवल्या. "डॉक्टर, हा बांधावर दुकान-दुकान खेळत होता." रक्तातली साखर पाहिली तर फारच उतरलेली. ग्लुकोजची बाटली लावूनच त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवला आणि चिठ्ठीबरोबर शेंगाही दिल्या. या विषावर उतारा नाही. साखर सांभाळणे, झटके आवरणे आणि श्वासाकडे लक्ष ठेवणे एवढेच हाती असते. मूल नवव्या दिवशी घरी आले. आजी शेंगा घेऊन आल्या नसत्या तर, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

कळलावीचेही असेच. आषाढ-श्रावणात कुंपणावर लाल-पिवळी देखणी फुले दिसतात, पण जमिनीतला कंद जालीम विषारी. रताळे किंवा रानकंद समजून तो खाल्ला की काही तासांनी पटकीसारखे जुलाब-उलट्या सुरू होतात. जुलाब थांबले म्हणून निर्धास्त होऊ नये, खरा धोका पुढच्या काही दिवसांत असतो.

अलीकडे आणखी एक काळजी आहे. भाताच्या बांधावर हल्ली सर्रास तणनाशक मारतात. फवारलेले गवत लगेच पिवळे पडत नाही, त्याला आठ-दहा दिवस लागतात. तोवर टाकळा हिरवागार दिसतो. म्हणून अनोळखी बांधावरचा पाला मालकाला विचारल्याशिवाय तोडू नका. पायात बूट आणि हातात काठी असू द्या. फुरसे आणि घोणस याच दिवसांत याच गवतात असतात.

आणि कुणाला रानातले काही खाऊन त्रास झालाच, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. सरळ दवाखाना गाठा आणि येताना त्या झाडाची पान, फूल, शेंग असलेली फांदी पिशवीत घालून आणा.