पुनर्रचना कंपनीची, छाटणी आरक्षणाची!

'आयटीआय' म्हटले की आमच्या कसबा बावड्यातल्या पोरांना फिटर-वायरमनचा कोर्स आठवतो. पण याच नावाची एक सरकारी कंपनी आहे. 1948 साली बंगळूरला सुरू झालेली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा स्वतंत्र भारतातला पहिला सार्वजनिक उद्योग. लोकांच्या घरातले टेलिफोन आणि गावोगावची एक्स्चेंज तिने बनवली. घटनेच्या कलम 12 प्रमाणे अशी कंपनी म्हणजे 'राज्य'. म्हणून तिथे कलम 16(4) लागू, रोस्टर लागू. आमच्या समाजातला माणूस कारखान्यात कायम झाला तो या दाराने.

1991 साली खाउजा धोरण आले. एक्स्चेंज डिजिटल झाली, जुळणीला हात कमी लागू लागले. मोबाइलच्या यंत्रसामग्रीची मोठी कंत्राटे परदेशी कंपन्यांनी नेली. कंपनी आजारी पडली. 2014 साली केंद्राने चार हजार कोटींहून अधिक रुपयांचे पॅकेज मंजूर केले. पण गेलेल्या नोकऱ्या परत आल्या नाहीत. तिचे मोठे गिऱ्हाईक बीएसएनएल. तिथून 31 जानेवारी 2020 या एकाच दिवशी 78 हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले.

यंत्र बदलले की काम बदलणार, हे आम्हाला मान्य आहे. बाबासाहेब यंत्राचे विरोधक कधीच नव्हते. आमचा सवाल वेगळा आहे. कायम माणूस घरी जातो, त्याचे पद रद्द होते आणि तेच काम ठेकेदाराकडे जाते. ठेकेदाराला रोस्टर नाही. म्हणजे आरक्षण कागदावर शाबूत, आणि जागाच गायब! कायद्याला हात न लावता हक्क काढून घेण्याची ही युक्ती आहे.

कोर्टावर विसंबून भागणार नाही. 2001 साली बाल्को खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्गुंतवणूक हा सरकारच्या आर्थिक धोरणाचा भाग मानला आणि कामगारांची हरकत फेटाळली. त्याच वर्षी 'सेल'च्या निकालाने ठरवले, की कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप कायम होत नाहीत.

मग करायचे काय? माहिती अधिकार कायदा 2005 सार्वजनिक उद्योगांना लागू आहे. प्रत्येक संघटनेने अर्ज टाकून विचारावे : किती पदे रद्द केली, त्यांत राखीव किती, ते काम आज कोण करते? ठेक्याच्या अटींतच आरक्षण लिहा, ही मागणी त्या आकड्यांवर उभी करावी.

आमच्या याच बावड्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी निम्म्या जागा मागासवर्गांसाठी राखल्या. जागा होत्या म्हणून त्या राखता आल्या. आज लढा जागा वाचवण्याचा आहे!