सुहैलीपासून तारिणीपर्यंत : महासागरी शिडाच्या नौकेची घडण

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज खलाशाची ‘सुहैली’ मुंबईत, कुलाब्याच्या एका कारखान्यात, हिंदी सुतारांनी वाकस, रंधा आणि हातसामता एवढ्याच हत्यारांच्या बळावर सागाच्या लाकडात घडविली आणि 1964 सालच्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. दोन डोलांची, जेमतेम 32 फूट लांबीची ही नौका 1968 सालच्या 14 जून रोजी इंग्लंडातील फाल्मथ बंदर सोडून निघाली आणि कोठेही नांगर टाकून रसद न भरता, कोणाचेही साह्य न घेता, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, त्याच बंदरात परतली. एकट्या माणसाने न थांबता केलेली ही पहिली प्रदक्षिणा होय. अशाच प्रदक्षिणेची शर्यत तेव्हा लागली होती, तीत निघालेल्या नऊ जणांपैकी दुसरे कोणीही शेवटपर्यंत पोचले नाही. आणि सुहैली तर त्या नौकांत अत्यंत मंद म्हणून गणली गेली होती. तेव्हा जी नौका वेगात मागे पडते ती महासागरात पुढे कशी राहते, हा प्रश्न विज्ञानदृष्ट्या मोठा मनोरम आहे.

त्याचे पहिले उत्तर पाण्याखाली दडलेले असते. नौकेच्या तळाशी खोल उतरणाऱ्या कण्यात शिसे किंवा बीड यांचे वजन भरलेले असते, आणि महासागरी नौकेत ते एकंदर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक असते. वाऱ्याने नौका कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याच्या उत्प्लावक बलाचा मध्यबिंदू कललेल्या बाजूकडे सरकतो. गुरुत्वमध्य मात्र त्या जड कण्यामुळे खालीच राहतो, सबब एक बल वर उचलणारे आणि दुसरे खाली ओढणारे अशी जोडी तयार होऊन नौकेला पुन्हा उभे करते. उत्तम घडणीच्या नौकेत हे सावरण्याचे सामर्थ्य सुमारे 120 अंशांच्या कलापर्यंत टिकते, म्हणजे डोलाचे टोक पाण्याखाली गेल्यावरही ती उठून उभी राहू शकते. रुंद, उथळ आणि आरामशीर नौका बंदरात स्थिर भासते खरी, परंतु एकदा पालथी पडली की ती त्याही अवस्थेत तितकीच स्थिर राहते. हा दोष विकत घेणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

दुसरे उत्तर दुरुस्तीचे आहे, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे. अटलांटिकात असतानाच सुहैलीच्या तळाशी फळ्यांचे सांधे ढिले होऊन आत पाणी येऊ लागले, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टनने समुद्रात बुड्या मारून, पाण्याच्या पृष्ठभागाखाली कित्येक फूट उतरून, त्या सांध्यांवर कापूस शिवलेली किंतानाची पट्टी तांब्याच्या चुका मारून बसविली आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा ठोकला. लाकूड, कापूस, तांबे या तीन पदार्थांशी एका माणसाचे दोन हात आणि हातोडी यांचे सख्य होते, म्हणूनच हे साधले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात भारतीय नौदलासाठी बांधलेली ‘म्हादेई’ याच विचाराची पुढची पायरी होय. व्हान द स्टाट या डच आराखडाकारांच्या नकाशाबरहुकूम उभारलेल्या या 56 फुटी नौकेच्या भिंतीत आत लाकडाच्या पट्ट्या आणि त्यांच्या दोन्ही अंगांना राळेत भिजविलेले काचतंतूंचे थर आहेत. त्यामुळे लाकडाचा हलकेपणा व ताठरपणा लाभतो आणि पाणी शिरावयास सांधाच उरत नाही.

शिडांविषयी एकच नियम सांगतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वारा दुप्पट झाला की शिडावरील जोर चौपट होतो. म्हणून मोठे शीड टप्प्याटप्प्याने आखडून बांधण्याची तजवीज हवी, आणि वादळासाठी जाड कापडाची इवलीशी निराळी शिडे हवीत. डोलाला पोलादी तारांनी चोहोबाजूंनी ताणून धरलेले असते. त्यांतील एखादी खीळ निसटली तरी डोल कोसळतो, आणि कोसळलेला डोल लाटांसरशी नौकेलाच धडका देतो, सबब तारा तोडण्याची कात्री हाताशी ठेवण्यात हयगय चालत नाही.

परंतु सर्वांत बुद्धिमान साधन नौकेच्या मागील टोकाला असते. एकट्या खलाशाने झोपावे केव्हा, या प्रश्नाला ते उत्तर आहे. वाऱ्याच्या दिशेला धार करून उभा केलेला एक हलका पंख, त्याला दांड्यांनी जोडलेले पाण्यात लोंबणारे एक वल्हे, आणि त्या वल्ह्यापासून सुकाणूकडे गेलेले दोन दोर, एवढीच त्याची सामग्री. नौका वाट सोडून वळली की वारा पंखाच्या धारेऐवजी त्याच्या अंगावर आदळून त्याला कलवितो. पंख वल्ह्याला किंचित पिळतो. आणि धावत्या पाण्याचा प्रवाह त्या पिळलेल्या वल्ह्याला जोराने बाजूस ढकलतो, तो जोर दोरांवाटे सुकाणू फिरवून नौकेला पूर्वीच्या वाटेवर आणतो. वाऱ्याकडून केवळ सूचना घ्यावयाची आणि बळ पाण्याकडून, ही यातील युक्ती होय. विजेचा थेंबभरही खर्च नाही आणि नौका जितकी वेगाने धावेल तितके वल्ह्याचे बळ वाढते. ब्लॉन्डी हॅस्लर या निवृत्त ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचे नाव या यंत्राच्या इतिहासाशी कायमचे निगडित आहे. 1960 सालची, एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची पहिली शर्यत त्याच्याच कल्पनेतून निघाली. सुहैलीवरील यंत्र निराळ्या घडणीचे होते, आणि ऑस्ट्रेलियाच्या आसपास ते मोडून निकामी झाले. तेथून पुढे नॉक्स-जॉन्स्टनने शिडांचा तोल असा साधला की नौका पुष्कळ वेळ आपली आपणच सरळ चालावी. लांब आणि सरळ तळकण्याच्या संथ नौकेलाच हे जमते, हे येथे नमूद केले पाहिजे.

दक्षिण महासागरात लाटा पाठीवरून येतात आणि नौकेला आडवी पाडू पाहतात. तेथे सुहैलीच्या मागे लांब दोर सोडलेले असत. त्यांच्या ओढीने वेग मंदावे आणि नौकेची पाठ लाटेसमोर राही. आज त्याच हेतूने कापडाचे लहान लहान शंकू गुंफलेला दोर वापरतात. पिण्याच्या पाण्याचीही तीच कथा. वादळात सुहैलीच्या टाक्यांतील पाणी दूषित झाले, तेव्हा शिडावरून ओघळणारे पावसाचे पाणी हा आधार ठरला. समुद्राचे पाणी दाबाने सूक्ष्म पडद्यातून ढकलून गोडे करणारी यंत्रे आता आहेत, त्यांना लागणारी वीज सौरपट्ट्या पुरवितात. तरीही पाऊस धरण्याची सोय कोणी काढून टाकीत नाही.

नॉक्स-जॉन्स्टनचे बिनतारी यंत्र बिघडल्यावर तो कित्येक महिने जगाला बेपत्ताच होता. याच्या उलट, 2018 सालच्या सप्टेंबरात गोव्यातच बांधलेल्या ‘थुरिया’ या सुहैलीच्या प्रतिकृतीचे डोल हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील वादळात मोडले आणि तिच्यावरील भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत होऊन ते हालचाल करू शकेनात, तेव्हा उपग्रहांना संकेत देणारी दीपिका आणि उपग्रह-संदेश यांमुळे त्यांचे ठिकाण कळले व ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने तीन दिवसांत त्यांना गाठले. नौका तरंगत राहिली होती, हे त्या सुटकेचे पहिले कारण. संकेत हे दुसरे.

2009-10 मध्ये दिलीप दोंदे यांनी म्हादेईतून एकट्याने प्रदक्षिणा केली. 2012-13 मध्ये टॉमी यांनी तिच्यातूनच, न थांबता. तिची भगिनी ‘तारिणी’ 2017-18 मध्ये नौदलातील सहा महिला अधिकाऱ्यांना आणि 2024-25 मध्ये दिलना के. व रूपा ए. या दोघींनाच घेऊन जगाभोवती फिरून आली. कोकण-गोव्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना नौकाबांधणीचे हे कारखाने दाखवावेत, आणि ज्या मेस्त्रींनी या नौका घडविल्या त्यांच्याकडून त्यांच्या कामाचा तपशील, ते कामावर आहेत तोवर, लिहून घ्यावा.